लेकरू गप आहे, म्हणजे बरं आहे असं नाही
(पहिलटकरीण आणि तिच्या घरच्यांसाठी: पहिल्या बेचाळीस दिवसांचा पाठ)



दसरा जवळ आला की आपल्या पाटोदा तालुक्यात गावोगाव एकच बोलणं असतं. कोणत्या मुकादमाकडं उचल घेतली, कोणत्या कारखान्याला जायचं, म्हाताऱ्यांजवळ कोण राहणार. मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. बचतीचा हिशेब झाला, सह्या झाल्या, तेव्हा एक ताई सहज बोलून गेली, "सुनेला सातवा लागलाय. पहिलंच आहे. पण कोयता मोडून चालत नाही, होईल तिकडंच बाळंतपण."

कुणी काही बोललं नाही. आपल्याकडं ही काही नवी गोष्ट नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

माझी पहिली मुलगी कोपीवर झाली. मी एकोणीस वर्षांची होते. पौषातली थंडी, उसाच्या पाचटानं शाकारलेली कोपी, आणि टोळीतल्या एका म्हातारीनं केलेलं बाळंतपण. मुलगी लहानशीच होती. वजन कुणी केलं नाही. तिथं काटा होता, पण तो उसाचा. पहिले दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवसापासून गप झाली. बाया म्हणायच्या, "लई शहाणी लेक आहे, आईला तरास देत नाही." खरं सांगते, मलाही बरं वाटलं. मी दमलेली होते. छाती दगडासारखी झाली होती, पण ती ओढत नव्हती. पाचवीच्या रात्री तिचे पाय हाताला गार लागले. मी मालकाला उठवलं. घरातलं मोठं माणूस म्हणालं, "पोरीची जात आहे, काही होत नाही, सकाळी बघू."

सकाळी बघायला काही राहिलं नव्हतं.

त्या कोपीतल्या कुणाचंही मन वाईट नव्हतं. पाचवी पुजली होती, दृष्ट काढली होती, म्हातारीनं रात्रभर जागून शेक दिला होता. माया भरपूर होती, माहिती नव्हती. लेकरू गप होणं, दूध सोडणं आणि गार पडणं, या तिन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या खुणा असतात, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून या अंकाचा पाठ तान्ह्या बाळावर आहे. बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचा. आणि घरी नेऊन सासूबाईंना आणि मालकाला पण वाचून दाखवा, कारण रात्री निर्णय एकटी बाळंतीण घेत नाही.

गडचिरोलीच्या बायांनी काय केलं

कुणी म्हणेल, हे डॉक्टरांचं काम, आपण काय करणार. त्यासाठी आधी गडचिरोलीची गोष्ट सांगते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या खेड्यांत तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची आणि आजारी तान्हं लेकरू दवाखान्यात कुणी नेत नसे. त्यांनी ३९ गावं निवडली. प्रत्येक गावातली एक बाई घेतली, पाचवी-दहावी शिकलेली, तुमच्या-माझ्यासारखी. तिला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन कसं करायचं, ताप कसा बघायचा, श्वास कसे मोजायचे, गार पडलेल्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतूंची लागण कशी ओळखायची आणि तिच्यावर औषध कसं द्यायचं, हे सगळं शिकवलं. ती घरोघर जाऊन आई आणि बाळाला बघायची. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच चालू होती. दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूत असलेल्या गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू दुसऱ्या गावांच्या मानानं शंभरात बासष्टनं कमी झाले होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात ते छापून आलं.

आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येते, ते या कामातूनच पुढं आलेलं आहे. २०११ पासून देशभर आशांना हे काम दिलं गेलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. तिला "आमचं बरं चाललंय" म्हणून दारातूनच परत पाठवू नका. आत घ्या, बाळाचे कपडे काढून बघू द्या, वजन करू द्या. आपल्यात नजर लागेल म्हणून सव्वा महिना बाळ झाकून ठेवतात. आशाताईची नजर लागत नाही.

ऊब

पोटात असताना लेकराला पांघरूण लागत नाही. बाहेर आलं की ते ओलं असतं आणि लगेच गार पडायला लागतं. त्याच्या अंगावर चरबी कमी, आणि त्याला आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवता येत नाही. म्हणून जन्मल्याबरोबर कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं, दुसरं कोरडं कापड घ्यायचं आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. डोक्याला टोपरं, पायांत मोजे. पहिला दिवस आंघोळ घालायची नाही. अंगावर पांढरा लेप असतो, तो घाण नाही. त्वचेचं रक्षण करतो, आपोआप जिरतो. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर वजन वाढेपर्यंत नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं.

बाळ गार आहे का, हे कपाळावरून कळत नाही. हाताची मागची बाजू आधी त्याच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर छान. पोट उबदार आणि पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे, ऊब वाढवा. दोन्ही गार, तर दुखणं आहे, दवाखाना गाठा. दिवसातून चार वेळा हात लावून बघायला काय लागतं? थर्मामीटर असेल तर काखेत धरा. ९७ ते ९९ फॅरनहाइट ठीक.

आता बाजेखालची शेगडी. आपल्या आया-सासवांनी बाळंतिणीला शेक दिला, ओव्याची, बाळंतशेपाची धुरी दिली, आणि त्यामागं कळकळ होती. पण बंद खोलीतला कोळशाचा धूर मोठ्या माणसालाही झोपेत मारतो, तान्ह्याची तर छाती सुपारीएवढी. खोली उबदार पाहिजे, धुरकट नको. शेकोटी बाहेर पेटवा, पाणी तापवा, गोधड्या वाढवा. आणि सगळ्यात चांगली शेगडी आईच्या अंगातच आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे घालायचे, छातीच्या मधोमध उभं धरायचं, पोटाला पोट, मान एका बाजूला वळवून नाक मोकळं, आणि वरून लुगडं किंवा ओढणी घट्ट बांधून गोधडी घ्यायची. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तिथल्या डॉक्टरांनी आयांनाच हे करायला सांगितलं, आणि ती लेकरं जगली. आता मोठमोठ्या दवाखान्यांत हे मुद्दाम शिकवतात, कांगारू पद्धत म्हणतात.

हे काम बापालाही येतं. आपल्याकडचे गडी तान्ह्याला हातात घ्यायला भितात, "मान लचकेल" म्हणतात. पन्नास किलोची उसाची मोळी उचलणाऱ्याला अडीच किलोचं लेकरू जड व्हायचं कारण नाही. शर्ट काढून बसवा, छातीवर बाळ द्या. आईला तेवढीच दोन तास झोप.

दूध

जन्मल्यापासून एक तासाच्या आत बाळ छातीला लावायचं. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर दूध येतं, तो चीक. काही घरांत अजून पिळून टाकतात, "जुनं दूध आहे, बाधेल" म्हणून. गाय व्याल्यावर वासराला चीक पाजतोच ना आपण? न पाजलेलं वासरू रोगट निघतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लेकराचंही तसंच आहे. त्या चिकात रोगाशी लढायची ताकद असते, आणि पहिल्या दिवशी बाळाचं पोट जेमतेम एक चमचा मावेल एवढंच असतं. म्हणून "दूधच नाही आलं" म्हणून घाबरू नका. थोडं येतं, थोडंच लागतं. जितकं ओढेल तितकं वाढतं.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. रात्रीचं पाजणं टाळू नका, रात्री ओढल्यानंच दूध चांगलं उतरतं. पहिल्या आठवड्यात बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर उठवून पाजा; तळपाय चोळा, लंगोट बदला, जागं करा. नुसतं बोंडुक तोंडात देऊन भागत नाही. तोंड मोठं उघडलं पाहिजे, भोवतीचा काळा भागही आत गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. वेदना होत असतील, चिरा पडल्या असतील, तर बहुतेक वेळा धरण्यात चूक असते. सोडवून पुन्हा लावा. पहिलटकरणीला हे आपोआप जमत नाही. न जमण्यात लाज नाही. जवळ एखादी अनुभवी बाई बसून दाखवते तेव्हा जमतं.

दूध पुरतंय का, हे कसं कळणार? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा पातळ रंगाची लघवी झाली, तर पुरतंय. आधीची एक-दोन दिवसांची काळी चिकट शी जाऊन पिवळी व्हायला लागली, तर पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्माएवढं परत झालं पाहिजे. झालं नाही तर आशाताईला सांगा. आणि एक: रडलं की भूकच असं नाही, आणि "माझं दूध पातळ आहे" ही तक्रार तर मनातून काढूनच टाका. कोणत्याही बाईचं दूध पातळ नसतं.

सहा महिने दुसरं काही नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, घुटी नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. आपल्या पाटोद्याच्या वैशाखात हे कुणाला पटत नाही. पण आईच्या दुधाच्या शंभर भागांत सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. तहान लागली तर छातीला लावा. पाणी तुम्ही प्या. मधात कधीकधी असे जंतू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाला लुळं पाडतात. घुटीचं मला ठाऊक आहे, सहाणेवर वेखंड-मुरडशेंग उगाळल्याशिवाय आजीला चैन पडत नाही. भांडू नका. आजीला म्हणा, सहाण ठेवा बाजूला, बाळाला अंगावर घेऊन बसा. तिला बाळाजवळ काहीतरी करायचं असतं, ते करू द्या.

नाळ, तेल, काजळ

नाळ नव्या ब्लेडनं कापायची, उकळलेल्या दोऱ्यानं बांधायची. दवाखान्यात हे होतंच. नंतर तिच्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, राख नाही, शेण तर नाहीच. शेणामातीतूनच धनुर्वाताचे जंतू जातात. कोरडी राहू द्या, लंगोट तिच्या खाली बांधा. आठवडा-दोन आठवड्यांत आपण होऊन गळते. बेंबीतून पू आला किंवा भोवती लाल झालं तर थांबू नका.

बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. बघायला येणाऱ्या प्रत्येकीनं. बारशाला गर्दी जमते, आणि जो तो गालगुच्चा घेतो, मुका घेतो. सर्दी-खोकला असलेल्याला लांबूनच बघू द्या. राग आला तर येऊ द्या.

नाळ पडल्यावर हलक्या हातानं तेल चोळायला हरकत नाही, बाळाला आवडतं. पण नाकात, कानात तेल सोडू नका, नाक चिमटून नीट करू नका, टाळू दाबून भरू नका. टाळू ही हाडांमधली मोकळी जागा आहे, ती आपण होऊन दीड-दोन वर्षांत भरते. काजळ डोळ्यांत घालू नका. विकतच्या काजळात बऱ्याचदा शिसं निघतं, आणि बोटाची घाण डोळ्यात जाते. तीट लावायची तर तळपायाला लावा, तिथूनही नजर टळते.

जन्माच्या चोवीस तासांत बीसीजी, काविळीची (हेपॅटायटिस बी) लस आणि पोलिओचे थेंब. दवाखान्यातून निघताना कार्डावर लिहिलंय का ते वाचून घ्या. पुढची लस दीड महिन्यानं.

कशाला घाबरायचं नाही

पहिलटकरणीला सगळ्याचीच भीती वाटते. माझ्या धाकट्या सुनेनं तर उचकीला पण फोन केला होता. उचकी, शिंका, पाजल्यावर थोडं दूध ओघळणं, नाकावर पांढरे ठिपके, झोपेत दचकणं, हे चालायचंच. मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यात छाती थोडी सुजते; ती पिळायची नाही, पिकते. मुलीला लघवीच्या जागी एक-दोन थेंब रक्त दिसतं, ते आईच्या अंगातल्या रसांमुळं असतं, आपण होऊन थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चेहरा थोडा पिवळा दिसणंही बऱ्याच बाळांत होतं. पण पिवळेपणा पहिल्याच दिवशी आला, तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा दोन आठवड्यांच्या पुढं राहिला, तर ते कोवळ्या उन्हात धरून भागणारं नाही.

कशाला एक रात्रही थांबायचं नाही

हा भाग बैठकीत दोनदा वाचा.

आधी चांगलं ओढणारं बाळ ओढेनासं झालं. रडणं बारीक झालं किंवा बंद झालं. हातपाय ढिले पडले, उचललं तर चिंधीसारखं लोंबतं. पोट आणि पाय दोन्ही गार, किंवा अंग तापलेलं. श्वास भरभर, छातीची खालची बाजू आत खेचली जाते, किंवा कण्हतंय. आकडी आली. पोट फुगलं आणि सारखी उलटी. तळपाय पिवळे. बेंबीला पू, अंगावर पुवाच्या पुळ्या. यातली एकही खूण दिसली तर सकाळची वाट नाही, मुकादमाची परवानगी नाही, अंगारा नाही.

श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पोटाकडं बघायचं, वर-खाली झालं की एक. मोबाईलचं घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजायचं, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हाही साठ, तर निघा. गडचिरोलीत निरक्षर सुइणींसाठी बंग यांनी मण्यांचं साधन बनवलं होतं, मणी सरकवत श्वास मोजायचे. अंगठाही न येणाऱ्या बायांनी न्यूमोनिया ओळखला त्याच्यावर. आपल्याकडं तर आता प्रत्येक घरात मोबाईल आहे.

१०८ किंवा १०२ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही बाळ छातीशी उघड्या अंगाला बांधलेलं पाहिजे, ओढत असेल तर पाजत राहा. नुसतं दुपट्यात गुंडाळून मोटरसायकलवर नेलेलं लेकरू दवाखान्यात पोचेपर्यंत आणखी गार पडलेलं असतं. ग्रामीण रुग्णालयातून पुढं पाठवलं तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात आजारी तान्ह्यांसाठी वेगळा कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि जाण्यायेण्याची गाडी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. मोफत नाही म्हणून कुणी सांगितलं तर आशाताईला फोन लावा.

आणि मुलगी असली तरी तेवढ्याच घाईनं. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या १००० मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. पोटातच काय होत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर खटले झाले, शिक्षा झाल्या. पण "सकाळी बघू" यातही मुली जातात, त्याचा खटला होत नाही.

बाळंतिणीकडं कोण बघतं?

बाळ आलं की सगळे बाळाकडं धावतात. बाळंतिणीला दोन जेवणं जास्त लागतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी, सगळं चांगलं. पण त्याबरोबर वरण, हिरव्या भाज्या, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, आणि पोटभर पाणी. "पाणी प्यायलं तर पोट सुटतं" हे खरं नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या.

तासाभरात एकदोन कापडं भिजतील एवढं रक्त, ताप, घाण वास येणारा स्राव, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं अंधारी, झटके, यातलं काही झालं तर तिलाही तेवढ्याच घाईनं न्या. आणि ती उगाच रडत असेल, बाळाकडं बघत नसेल, "मला नको हे" म्हणत असेल, तर बाहेरचं काही लागलंय म्हणू नका. चार-आठ दिवस मन हळवं होतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर ते दुखणं आहे, त्याला उपचार आहे. माझी मुलगी गेल्यावर मी तीन महिने कुणाशी बोलले नाही. फडात कोयता चालत होता म्हणून सगळ्यांना वाटलं मी सावरले.

कारखान्यावर जाणार असाल तर

आता त्या ताईच्या सुनेकडं परत येते. माझं स्पष्ट मत आहे, पहिलटकरणीनं आठव्या महिन्यानंतर कोपीवर जाऊ नये. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत उगाच नाही पडली. माहेरी नाही तर गावी राहावं, आणि दीड महिना होईपर्यंत तिथंच. पण मला हेही ठाऊक आहे की उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही, आणि घरी सांभाळणारं माणूस नसतं. म्हणून नुसतं "जाऊ नका" सांगून मी मोकळी होणार नाही.

जायचंच असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. ते कार्ड कुठल्याही जिल्ह्यात चालतं, लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते. निघायच्या आधी आपल्या आशाताईला कारखाना, गाव आणि मुकादमाचा फोन सांगून ठेवा. तिकडं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या गावच्या आशाताईला गाठा, नाव नोंदवा. तुम्ही परगावच्या असलात तरी तिला तुमच्याकडं यायचं काम आहे. जवळचा सरकारी दवाखाना दिवसा एकदा चालत जाऊन बघून या, म्हणजे रात्री शोधावा लागणार नाही. टोळीतल्या एकीनं तरी हा पाठ वाचलेला असू द्या. आणि बाळंतीण दीड महिना फडात जाणार नाही हे मुकादमाशी आधीच, उचल मोजून घेतानाच, चार माणसांसमोर बोलून घ्या.

आमच्या बैठकीत त्या ताईच्या सुनेचं काय झालं, ते सांगते. दोन तास चर्चा झाली. गटानं तिला अंतर्गत कर्ज दिलं, म्हणजे उचलीतला सुनेच्या वाटणीचा भाग फिरवता आला. जोडीला तिचा दीर जाणार आहे. सासू मागं राहतेय, आणि ती म्हणाली, "मला घुटीचं काही सांगू नका फक्त." सगळ्या हसल्या. डिसेंबरात तारीख आहे.

पुढच्या बैठकीत यावर बोला

आपल्या गावात या हंगामात किती जणी गरोदर आहेत, त्यातल्या पहिलटकरणी किती, कारखान्यावर कोण जाणार? आशाताईला बोलवून यादी करा.

रात्री दोन वाजता एखादं बाळ ओढेनासं झालं तर गावात गाडी कुणाची, चालवणार कोण, पैसे कुठून? जोखीमप्रवणता निधीतून अशा वेळी लगेच किती उचलता येतील आणि कुणाच्या सहीनं, हे ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवा.

प्रत्येकीनं शेजारच्या तान्ह्या बाळाचे श्वास एक मिनिट मोजून यायचे, आणि आकडा सांगायचा. बाळ नसेल तर आपल्याच नातवाचे, झोपलेला असताना.